मला आळशी म्हणतात

मित्रांनो, माझं नाव आळशी. हसलात ना? हसा. धक्क्यावरच्या प्रत्येकाने एकदा तरी हसून घेतलेलं आहे. मी शिडाच्या एका छोट्या होडीवरची दोरी आहे. करंगळीएवढी जाड, एकेकाळी पांढरीशुभ्र, आता जुन्या फडक्याच्या रंगाची. मला तोंड नाही, याचं आयुष्यभर कधी वाईट वाटलं नव्हतं. पण दोनदा मला जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं आणि ओरडता आलं नाही. पहिल्यांदा माझ्यामुळे दोन माणसं खडकांवर आपटायला निघाली होती. दुसऱ्यांदा त्यांतल्याच एका माणसाचा धडधाकट उजवा हात फुकटच मरत चालला होता. तो हात का अडला होता हे फक्त मला आणि आणखी एकीला ठाऊक होतं. मी बोलू शकत नव्हते. ती बोलत नव्हती.

थांबा, सुरुवातीपासून सांगते. नाहीतर तुम्हाला माझाच राग येईल.

माझा जन्म दोऱ्यांच्या कारखान्यात झाला. सोळा धागे एकमेकांच्या वरून-खालून पळत होते आणि त्या पळापळीतून मी सरसर बाहेर येत होते. मग मला एका दुकानाच्या फळीवर ठेवलं. शेजारी नांगराचा दोर होता, मनगटाएवढा जाड. दिवसभर त्याची एकच टकळी. "तू काय धरणार गं? पडदा?" मी गप्प बसायचे. मनात म्हणायचे, धरेन काहीतरी. बघशील.

एके दिवशी दुकानात दादा आले. दादा म्हणजे जिने बांधणारे सुतार. शहरातली निम्मी माणसं रोज त्यांच्याच लाकडावरून वर-खाली करायची. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र खांद्याला नुसता लटकून राहिला. दादा त्याला 'पाहुणा' म्हणायचे. "त्याला काम सांगायचं नाही. नुसतं सांभाळायचं," असं म्हणून स्वतःच हसायचे.

जिने गेले. राहिली होडी. रविवारी होडी घेऊन खाडीत जायचं, एवढं एकच उरलं होतं आणि तेही जायला आलं होतं. का, ते ऐका. शीड चढवणं सोपं असतं, दोरी ओढली की ते वर जातं. पण उतरवताना ते धाडकन खाली येतं. शिडाच्या खालच्या बाजूला एक आडवा दांडा असतो, दादा त्याला 'आडकाठी' म्हणायचे, कारण तीस वर्षं तो त्यांच्या डोक्याला आडवाच येत होता. खाली येणारं शीड दोन्ही हातांनी कवेत घेऊन त्या आडकाठीवर गोळा करावं लागतं. एका हाताने ते जमत नाही. एकदा अर्धं शीड पाण्यात गेलं, पाण्याने भरलं, आणि त्याच्यामागे दादाही जवळजवळ गेलेच होते.

वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, त्या दिवशी सांगून टाकलं. "तुमच्या त्या एका हाताने शीड नीट उतरवून दाखवा. नाही जमलं तर होडी विकायची. मला नवरा हवाय, खलाशी नकोय."

म्हणून दादा मला घ्यायला आले होते. आणि गंमत बघा, त्यांनी नांगराचा दोरही त्याच दिवशी घेतला. तो पडदेवाला आयुष्यभर माझ्या मानगुटीवर बसणार हे ठरलंच.

दादांच्या अंगणात डोलकाठी आडवी करून दोन स्टुलांवर ठेवली होती. मदतीला त्यांची धाकटी बहीण आली. ती पन्नाशीची, पण दादा तिला चिमी म्हणायचे, म्हणून मीही चिमीच म्हणते. पार्सलच्या गोदामात ती खोकी बांधायची. तिने बांधलेलं खोकं कधी सुटून परत आलं नव्हतं आणि याचा तिला केवढा अभिमान!

"चिमे, निम्म्याच्या जरा वर. हां, तिथे कप्पी बसव."

"इथे?"

"तिथे नाही गं, वर. तुझ्या नाकाच्या रेषेत."

"माझं नाक काय फूटपट्टी आहे?"

"लांबीला असायला हरकत नाही."

असं भांडत-भांडत दोन कप्प्या बसल्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्यांतून मला ओवलं. खाली येताना मला फांद्या फुटल्या, प्रत्येक बाजूला तीन, आणि त्या फांद्या आडकाठीच्या कड्यांना बांधल्या. माझी दोन्ही शेपटं डोलकाठीच्या पायथ्याशी एकाच खुंटीवर आली. आता डोळ्यांसमोर आणा, आडकाठीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यांची एक झोळी तयार झाली. शीड सोडलं की इकडेतिकडे पळायला जागाच नाही, ते घडी पडत पडत माझ्या मांडीवर येऊन बसतं.

पण एक पथ्य होतं. ते दादांनी चिमीला त्याच दिवशी सांगितलं. "ही दोरी शीड उतरवताना ताणायची. बाकी सगळा वेळ ढिली. शीड चढताना ही ताठ असली, तर शिडात आडव्या शिवलेल्या लाकडी पट्ट्या हिच्यात अडकतात. लोंबत राहणं हेच हिचं काम. म्हणून हिचं नाव आळशी."

"आणि गाठ कुठली मारायची?"

"गाठ नाही. खुंटीभोवती आठाच्या आकड्यासारखे तीन वेढे, बस. एका हाताने घालायचे, एका हाताने काढायचे. दोन हात लागतील असं या होडीवर काहीही ठेवायचं नाही मला."

चिमीने मान हलवली. पण तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की गाठ नसलेली दोरी तिला केस न विंचरलेल्या मुलीसारखी वाटत होती.

पहिल्या रविवारी वहिनी धक्क्यावर हाताची घडी घालून उभ्या होत्या. दादांनी मला ताणलं, शिडाची दोरी सोडली. सळसळ सळसळ करत ते अवाढव्य शीड खाली आलं आणि एकही टोक बाहेर न सांडता माझ्या झोळीत बसलं. दादांनी एकुलता एक हात वर केला. वहिनी म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं! पण दादा दिवसभर तो शब्द खिशात घालून फिरत होते. धक्क्यावरचे लोक मला बघायला आले. चष्मेवाले काका, म्हणजे चौकातले चष्म्याचे दुकानदार, माझ्याखाली वाकून म्हणाले, "छान युक्ती आहे हो. होडी कधी विकलीत तर मला सांगा." दादा म्हणाले, "मी मेल्यावर या." सगळे हसले. नांगराचा दोर त्या दिवशी पडद्याबद्दल काहीही बोलला नाही.

मित्रांनो, दोन वर्षं मी सुखात काढली. माझ्याकडे कोणाचं लक्ष नसायचं, आणि ढिल्या दोरीला याहून मोठं सुख नसतं. वाऱ्याने मी डोलकाठीवर टकटक करायचे. मला ते गाणं वाटायचं.

चिमीला वाटत नव्हतं.

तो शनिवार होता, दुपार. चिमी एकटीच होडी पुसायला आली होती. तिने फळ्या घासल्या, वल्ही पुसली, दादांचा डबा ठेवायची जागासुद्धा घासली. मग कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी लोंबत होते, टकटक करत होते.

"शी! काय अवतार आहे," ती म्हणाली. "दादाच्या एका हाताने नीट ताणली जात नाही बिचाऱ्याच्या."

दोन वर्षांपूर्वी ऐकलेलं पथ्य ती पार विसरली होती. मित्रांनो, तिच्या आवाजात माया होती. हेच तर भयंकर आहे. रागाने केलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. तिने माझे वेढे काढले, पाय डोलकाठीला टेकवून मला सगळा जीव लावून ओढलं आणि पार्सलची गाठ मारली. दोन फेरे, वर कुलूप, आणि एक हिसका. "आता बघू कशी सुटतेस!"

नको! मला ताठ ठेवू नकोस! उद्या शीड चढणार आहे! मी फक्त करकरले. तिला वाटलं, मी घट्ट बसल्याचा आवाज आहे. जाताना तिने माझ्यावर थोपटलं.

त्या रात्री माझं टकटक बंद होतं. तारेसारखी ताठ उभी होते मी, आणि सकाळ होऊ नये असं वाटत होतं.

सकाळ झालीच. वारा बराच होता. चिमीने होडी वल्हवत धक्क्याच्या भिंतीबाहेर आणली आणि सुकाणू धरलं. दादांनी शिडाची दोरी ओढायला घेतली. मला बघायची त्यांना गरजच वाटली नाही, कारण मी नेहमी ढिलीच असायचे. शीड चढू लागलं. पहिली पट्टी माझ्या शेजारून गेली. दुसरी घासून गेली. तिसऱ्या पट्टीची शिवण टोकाशी उसवलेली होती. ती पट्टी बोटासारखी बाहेर आली आणि माझ्यात आकड्यासारखी रुतली.

शीड तिथेच थांबलं. वरही जाईना, खालीही येईना. तेवढ्यात वारा त्या अर्ध्या शिडात शिरला, होडी कलंडली आणि फिरली. नाक सरळ भिंतीखालच्या खडकांकडे.

"दादा, खडक!"

"दिसतायत मला! सुकाणू दाब! आळशी अडकलीय, ती सोडतो!"

सोपं होतं. तीन वेढे, एक हिसका, एका हाताचं काम. दादा गुडघ्यांवर सरपटत डोलकाठीपाशी आले. फडफडणारं शीड त्यांच्या तोंडावर आपटत होतं, खुंटी त्यांना दिसतच नव्हती. चाचपडत त्यांनी उजव्या हाताने मला धरलं आणि वेढा शोधला. वेढा नव्हता. बोटं गाठीवरून घसरली. पुन्हा घसरली. पाण्याने भिजून मी फुगले होते, वरून शिडाचं सगळं ओझं मला ओढत होतं, आणि ती गाठ दगड झाली होती. मी सुटायची धडपड करत होते, मित्रांनो, धाग्याधाग्याने करत होते. दोरीला सुटायचं असलं तरी स्वतःहून सुटता येत नाही. ज्याला मी दोन वर्षं हात दिला त्या माणसाला मीच धरून ठेवलं होतं. मला कापा! कोणीतरी मला कापा!

दादांनी दातांनी ओढून पाहिलं. मग त्यांचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"चिमे! हा पण गेला गं! माझा उजवा हात पण गेला!"

मी चिमीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला कळलं होतं. त्याच क्षणी सगळं कळलं होतं. सुकाणू सोडून ती धावली, फळीखालचा चाकू काढला आणि गाठीच्या वर, एक वीत अंतरावर, मला कापलं.

कापल्याचं दुखलं का? विचारू नका. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी सुर्रकन वर गेले, झोळी ढिली पडली, पट्टी सुटली आणि शीड दोघांच्या अंगावर कोसळलं. त्याच्याखालून चिमीने नांगर पाण्यात लोटला. नांगराचा दोर धडधडत गेला, ताणला, घसरला, पुन्हा ताणला आणि त्याने धरलं. खडक इतके जवळ होते की त्यांच्यावरचे शिंपले मोजता आले असते. धक्क्यावरची लाँच येईपर्यंत तो पडदेवाला एकटा सगळ्यांना धरून होता. त्यानंतर मी त्याला कधीही पडदेवाला म्हटलं नाही.

दादा होडीतून उतरले ते मागे न बघता. उजवा हात पोटाशी धरून, जसा पहिल्यांदा डावा धरला असेल तसा.

माझा वरचा भाग डोलकाठीवर लोंबत होता. खालचा एक वीत तुकडा, गाठीसकट, खुंटीवर. मी दोन्हीकडे होते आणि वाट बघत होते. चिमी सांगेल. आज सांगेल. उद्या सांगेल.

चौथ्या दिवशी वहिनी आणि चिमी होडीतलं सामान न्यायला आल्या. वहिनी आडकाठीवर टेकल्या आणि एकदम रडायलाच लागल्या.

"डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताला काही झालेलं नाही. हे ऐकतच नाहीत. पेला उचलत नाहीत. सही करायला सांगितली तर म्हणाले, तू माझं नाव लिही. रात्रभर हात उशीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. काल मला म्हणाले, आता मी दोन पाहुण्यांचा झालो. चष्मेवाल्यांना निरोप पाठवलाय, रविवारी होडी घेऊन जा म्हणून." मग त्यांनी डोळे पुसले. "चिमे, तू होतीस ना तिथे? खरंच त्यांच्या हाताने काही सुटेना?"

चिमी खुंटीपाशी उभी होती. तिने गाठीवर पंजा ठेवला होता. गाठ पूर्ण झाकली जाईल असा.

"वहिनी, मी सुकाणूवर होते," ती म्हणाली. "नीट दिसलं नाही."

मित्रांनो, तिच्या तळहाताला घाम आला होता. मला तो लागत होता. मी त्या हातात टोचले, जितकं एका विताच्या तुकड्याला टोचता येतं तितकं. सांग ना गं! तुझा भाऊ एकेक बोट गमावतोय! तिने पंजा आणखी दाबला.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली. हातात चाकू. मी समजले. गाठ राहिली नाही की प्रश्न राहणार नव्हता. तिने पातं गाठीवर ठेवलं आणि माझ्या बाजूने बोलणारं जगात कोणी नव्हतं. पहिले दोन धागे तुटले. मग पातं थांबलं. ती तशीच बसून राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. चाकू तिने पाण्यात फेकला नाही, काही नाही, गुपचूप फळीवर ठेवून दिला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

अशीच ती सापडली सगळ्यांना. पुढे चष्मेवाले काका, मागे वहिनी, आणि त्यांच्या मागे दादा. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"दादा, इकडे ये," चिमी म्हणाली. "ही सोड."

"चिमे, लोकांसमोर थट्टा नको. माझ्याने होत नाही."

"कुणाच्यानेच होत नाही. माझ्याने पण नाही होणार. तू नुसतं बघ ती."

दादा नाइलाजाने वाकले. बघितलं. मग गुडघ्यांवर बसले. त्यांचा उजवा हात त्यांच्याही नकळत खिशातून बाहेर आला आणि एक बोट माझ्या फेऱ्यांवरून फिरलं.

"दोन फेरे," ते म्हणाले.

"हो."

"वर कुलूप."

"हो, दादा."

"ही एका हाताने मारताच येत नाही."

"नाही येत. त्या शनिवारी मारली मी. तुला सोपं जावं म्हणून. आणि मग तू तसा ओरडलास, आणि मला सांगायची भीतीच वाटली."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आठ दिवस, चिमे," दादा म्हणाले. आवाज अगदी हळू होता, ओरडले असते तर परवडलं असतं. "बुडालो असतो तर मी तुला काही म्हटलं नसतं. पण आठ दिवस मी या हाताशी बोललो नाही. आणि तू गप्प?"

चिमीने मान वर केली नाही. वहिनी तिच्याकडे बघतही नव्हत्या. मला वाटलं, आता संपलं. खरं कळलं, पण या होडीवर कोणी पुन्हा कोणाशी बोलणार नाही.

दादांनी हात पुढे केला. "टोच्या दे."

टोच्या म्हणजे लाकडी खिळा, गाठ उकलायचा. तो त्यांनी उजव्या हातात घेतला आणि माझ्यात खुपसला. टोच्या निसटला. त्यांनी पुन्हा धरला. माझ्यात मीठ वाळून कडक झालं होतं, पण मी श्वास रोखला आणि जेवढं सैल होता येईल तेवढं झाले. पाऊण तास लागला. काका मध्येच म्हणाले, "कापून टाका ना," तेव्हा वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते धक्क्यावर जाऊन बसले. कुलूप उघडलं. पहिला फेरा गेला. दुसरा दादांनी दोन बोटांत धरून हळूच काढला आणि मी त्यांच्या तळहातावर मोकळी पडले.

त्यांनी मूठ मिटली. उघडली. पुन्हा मिटली. प्रत्येक बोट वेगळं हलवून बघितलं, जसं कोणी घरी परतलेल्या माणसांची डोकी मोजावीत तसं.

वहिनी धक्क्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही दुसरी होडी बघा."

"अहो, पण यांनी शब्द दिला होता!"

"हो, दिला होता. आता तुम्ही रागवा, मी ऐकून घेते."

काका खरंच रागावले आणि वहिनींनी खरंच ऐकून घेतलं. इकडे दादा चिमीकडे पाठ करून म्हणाले, "जा, सुकाणूवर बस."

"मी?"

"मग काय मी बसू? तिकडे सुकाणू, इकडे नवी दोरी ओवायची. मला हात एकच आहे."

एकच आहे, म्हणाले. एकही नाही, असं नाही. चिमी नाक पुसत उठली. दादांनी तिला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी परत येईपर्यंत ते तिच्याशी फक्त "डावीकडे" आणि "उजवीकडे" एवढंच बोलले.

मित्रांनो, मी आता कामाची नाही. तुटलेली दोरी कप्पीतून धावत नाही. तुमच्याकडेही कुठेतरी एखादी माझी बहीण असेल, झोपाळ्याची, पडद्याची, खोक्याची. तिला बांधाल तेव्हा, ती सोडायची कशी आणि सोडणार कोण, हे आधी बघा. मायेने बांधताना तर दोनदा बघा. आणि चुकीची गाठ तुमच्या हातून पडलीच, तर तिच्यावर पंजा ठेवून उभे राहू नका. ताजी असेपर्यंतच सांगून टाका. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे.